शेवट माहीत असूनही पुन्हा वाचलेली रहस्य, भय, विज्ञान कादंबरी : तुमचा अनुभव लिहा

‘खुनी कळला की पुस्तक संपलं’ असं रहस्यकथांबद्दल सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. माझ्या कपाटात पानं सुटी झालेली पुस्तकं आहेत ती नारायण धारपांची, आणि त्यांचे शेवट मला पाठ आहेत. तरी भीती वाटते. धारप भुतापासून सुरुवातच करत नाहीत. घर भाड्याने घ्यायचंय, बायकोला जागा आवडलीय, सामान कधी हलवायचं, असल्या बोलण्यात पानं जातात. मग त्या सरळ संसारात एखादीच गोष्ट खटकते. पहिल्या वाचनात ती निसटते. दुसऱ्यांदा ती आपल्याला दिसते, पण घरातल्या माणसांना दिसत नाही, आणि धास्ती वाढते.

तुमच्याबाबतीत कुठली कादंबरी पुन्हा वाचताना टिकली, कुठली पडली? कारणासकट लिहा, नुसतं ‘मस्त आहे’ नको.

गिरगाव, निवृत्त गिरणी कर्मचारी
आमच्या चाळीत बाबूराव अर्नाळकरांचं पुस्तक आलं की ते रात्रीत संपवून सकाळी शेजारी द्यायचं, असा रिवाज होता. हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली त्यांनी. धनंजय, झुंजार, काळापहाड हे त्यांचे नायक म्हणजे आमच्या घरातलीच माणसं. मध्यंतरी पुन्हा वाचायला घेतली. रहस्य म्हणून बरीचशी आता तग धरत नाहीत, योगायोग फार आहेत. पण झुंजार दारात उभा राहिला की मी अजून सरसावून बसतो. छोटी वाक्यं, जिना, मोटार, पिस्तूल, पुढचं पान. वर्णनात कुठे रेंगाळणं नाही. माझे वडील चौथी शिकलेले. पाळीवरून आल्यावर कंदील जवळ ओढून, ओठ हलवत एकेक ओळ वाचायचे आणि पुस्तक पुरं करूनच झोपायचे. अशा माणसांना वाचक करणाऱ्या लेखकाला साहित्याच्या इतिहासात दोन ओळींत उरकतात, याचा मला मनापासून राग आहे.

सातारा
धारपांबद्दल थोडं वेगळं मत. त्यांच्या कथांत अघोरी संकटं दूर करणारे समर्थ हे पात्र गोष्टीत आलं की माझी भीती संपते. हे निस्तरणार, हे ठाऊक असतं. समर्थ नसलेल्या कथाच मी पुन्हा वाचते.

पुणे
साताऱ्याच्या ताई, माझं अगदी उलट आहे. आईच्या आजारपणात दवाखान्यात रात्री जागून काढल्या तेव्हा मी समर्थांच्याच कथा वाचत होते. संकट कितीही अघोरी असो, एक शांत, अभ्यासू माणूस येईल, आधी सगळं नीट ऐकून घेईल आणि मग उपाय करेल, एवढाच आधार मला त्या वेळी हवा होता. भीती कमी होते हे खरं. पण ते ऐकून घेणं तुम्ही पुन्हा एकदा वाचून पाहा.

लातूर, वकील
सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास वाचून मी लॉला गेलो, आणि असे आमच्या बॅचला बरेच होते. कोर्टात आल्यावर कळलं की उलटतपासणीत साक्षीदार असा कोसळत नाही. तारीख पडते. तरी आजही एखाद्या कंटाळवाण्या दिवसानंतर मी ते संवाद वाचतो. प्रश्न कुठे थांबवायचा, हे शिरवळकरांना पक्कं कळत होतं. ‘दुनियादारी’चं कौतुक सगळे करतात. त्यांच्या रहस्यकथांकडेही तितक्याच आदराने पाहायला हवं.

टोरांटो
मी आधी स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ वाचली आणि नंतर तिच्यावर बेतलेली धारपांची ‘लुचाई’. म्हणजे पहिल्याच वाचनात शेवटाची कल्पना होती. तरी ‘लुचाई’ने जास्त घाबरवलं. रक्त पिणारा व्हँपायर आपल्याकडचा नाही. आपल्याकडे वेताळ, हडळ, मुंजा. परकी भीती मराठी माणसांच्या तोंडच्या बोलीत आली की ती परकी राहत नाही, हे इथे परदेशात बसून फार जाणवलं. काही जण अशा पुस्तकांना उसनवारी म्हणून बाजूला सारतात. मूळ पुस्तकाचा उल्लेख ठळक हवा, हे मान्य. पण कथानक घेता येतं, भीती लेखकाला स्वतःच उभी करावी लागते.

बेळगाव
रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. भूत असो वा नसो, खरी भीती माणसाच्या मनाची. रात्री वाचत नाही.

नागपूर, विज्ञान शिक्षिका
जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. बक्षीस त्याच कथेला मिळालं. हे मी दरवर्षी वर्गात सांगते आणि मग त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी वाचायला देते. जमिनीत खोल गाडलेला एका लुप्त संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्यातल्या माहितीवरून यंत्रमानव तयार होतो, आणि ती संस्कृती का बुडाली हे मागाहून उलगडतं. पूर्वी मुलं विचारायची, ‘बाई, असं यंत्र खरंच होईल?’ आता ते कोणी विचारत नाही. परवा नववीतल्या एका मुलीने विचारलं, ‘सगळी माहिती वाचून होईपर्यंत थांबायचं, हे शास्त्रज्ञांपैकी ठरवणार कोण?’ त्यावर तास संपेपर्यंत वर्गात भांडण चाललं. सोमवारी पुढचा भाग.