मदत हवी आहे: हरितलवकं (पेशीतले हिरवे कण) कुठल्या पानात नीट दिसतील?

नमस्कार मंडळी, लेक आठवीत आहे. काल परळच्या आमच्या ओट्यावरच कांद्याचा पापुद्रा काढला, आयोडिनचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली पाहिला. पेशीभित्तिका विटांसारख्या रचलेल्या, केंद्रक कडेला सरकलेलं. मधली सगळी जागा रिक्तिकेने (पेशीतल्या रसाच्या पिशवीने) अडवलेली, त्यामुळे बिचाऱ्याची गत लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी! हिरवं काहीच नाही, कारण कांद्याला मातीखाली उजेड कुठला? आता तिला हरितलवकं बघायचीच आहेत. हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान क्रॉफर्ड मार्केटला शोभेच्या माशांच्या दुकानात मिळेल का? आणि एक, सोसायटीतल्या ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी साल मिठाच्या पाण्यात ठेवली तर रंग आत आकसला, भित्तिका जागच्या जागी. तो रंग रिक्तिकेतलाच ना? रविवारच्या आत कळवाल का?