शर्ट आणि स्कर्ट मुळात एकच?

कटिंगमास्तर
महाद्वार रोडच्या मागच्या बोळात माझं शिलाईचं दुकान. सध्या गणवेशांची घाई. मापाच्या वहीत शर्टाला ‘श’, स्कर्टला ‘स्क’ लिहितो. परवा कारागिरानं वही वाचताना ‘स्क २०’चं ‘श २०’ केलं आणि सहावीतल्या पोरीचा शर्ट पार बेंबीपर्यंत आला. त्याला झापत होतो, तर पोरीची आई, इंग्रजी शिकवतात त्या, म्हणाल्या, “मास्तर, दोन्ही शब्द मूळचे एकच.” हे खरं, का माझा राग घालवायला?

रिटायर्ड गुरुजी
खरं आहे. जुन्या इंग्रजीतल्या ‘स्क’चा पुढं ‘श’ झाला, त्यातून शर्ट. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक लुटायला आले आणि इंग्लंडच्या उत्तर-पूर्वेला घरं करून राहिले. त्यांच्या बोलीत ‘स्क’ शाबूत होता, त्यांचा सदरा तो स्कर्ट. एका घरात एकाच कपड्याला दोन नावं कशाला? म्हणून एक वर राहिलं, एक कमरेखाली गेलं. शॉर्टही त्यांच्याच भावकीतला, मूळ अर्थ कापलेलं, तोकडं. थोडक्यात, तुमच्या कारागिरानं इंग्रजांनी केलं तेच केलं. पगार कापू नका.

रंकाळाफेरी
माझं मिक्सरचं दुकान, रोज ‘ग्यारंटी का वॉरंटी’ यावरून गिऱ्हाईक भांडतंय. तीपण जोडीच ना?

रिटायर्ड गुरुजी
होय. १०६६ ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं. त्यांच्या फ्रेंचमध्ये ‘व’, पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये ‘ग’. इंग्रजांनी दोन्ही ठेवून घेतले. वॉर्ड-गार्ड तसेच, वॉर्डन-गार्डियनही.

दसराचौक
आमच्या बोर्डिंगचा वॉर्डन म्हणजे पालक? रात्री नऊला गेट लावून घ्यायचा ओ तो!

आपल्यातपण हाय की हे. क्षेत्राचं शेत झालं, पण क्षेत्र गेलं नाही. शेत नांगरायचं, क्षेत्र म्हणून जोतिबाला जायचं. क्षीर म्हणजे दूध, त्याची खीर.

कटिंगमास्तर
गुरुजी, मग टेलरचा अर्थ काय?

रिटायर्ड गुरुजी
कापणारा. फ्रेंचमधून आलाय. रिटेल, डिटेल त्याच घरातले.

कटिंगमास्तर
मग अवघड झालं. कारागीर नुसता वाचत होता, कात्री माझ्याच हातात होती. नवा शर्ट पदरच्या कापडाचा दिलाय.