तहसीलच्या खिडकीवर तू, तुम्ही की नुसतंच ‘सही करायची’? प्रबंधिकेसाठी पद्धत सुचवा

अनुस्वार

एम.ए. भाषाविज्ञान, चौथं सत्र. प्रबंधिकेचा विषय: तालुक्याच्या गावी तहसील कार्यालय आणि सेतू केंद्राच्या खिडकीवर कर्मचारी आणि अर्जदार एकमेकांना कसं संबोधतात, आणि त्यातून सत्तेचं नातं कसं दिसतं. हातात साडेतीन महिने आहेत. सध्याचा आराखडा असा: ५० अर्जदारांना प्रश्नावली (“कर्मचारी तुम्हाला तू म्हणतात, तुम्ही म्हणतात की आपण?”), दहा तासांचं ध्वनिमुद्रण, मग तू-तुम्ही-आपण मोजून टक्केवारी. सैद्धांतिक चौकट ब्राऊन आणि गिलमन, १९६० (सर्वनामांतून सत्ता आणि जवळीक कशी दिसते, यावरचा त्यांचा निबंध).

पहिल्या अर्ध्या तासाच्या चाचणी-मुद्रणात ‘तू’ दोनदा आणि ‘तुम्ही’ नऊदा आलं. इतक्या कमी आकड्यांवर काय उभं करायचं? आराखडा कुठे चुकतोय?

धातुसाधित

मोजायची गोष्ट चुकतेय. मराठीत सर्वनाम बहुतेक वेळा गाळलं जातं, कारण पुरुष आणि वचन क्रियापदच सांगतं. खिडकीवरचा माणूस “तू थांब” म्हणत नाही, “थांब” म्हणतो. तेव्हा क्रियापदाचा प्रत्यय मोजा: थांब/थांबा, भर/भरा, दे/द्या, ये/या, आणलंस/आणलंत. त्याच अर्ध्या तासात तुम्हाला कितीतरी जास्त नोंदी मिळतील.

पण दोन सापळे आहेत. पहिला आकारान्त धातूंचा. ‘जा’ आणि ‘खा’ यांचं आज्ञार्थी रूप एकवचनात आणि अनेकवचनात एकच. “समोरच्या खिडकीवर जा” यात तू आहे की तुम्ही, ते वाक्य सांगत नाही. पश्चिम महाराष्ट्रात कुणी ‘जावा’ म्हणालं तर आदर स्पष्ट होतो, पण नुसत्या ‘जा’ला कुठल्याच रकान्यात टाकू नका.

दुसरा सकर्मक भूतकाळाचा. “अर्ज दिला का?” इथे क्रियापद अर्जाशी जुळतं, माणसाशी नाही. ‘दिलास’ किंवा ‘दिलात’ म्हटलं तर कळतं, पण बोलताना तो स् आणि त् सर्रास गळतो. अशा वाक्यांना ‘अनिश्चित’ अशी वेगळी खूण द्या आणि टक्केवारीच्या छेदातून ती काढून टाका. छेदात फक्त त्या जागा हव्यात जिथे बोलणाऱ्याला निवड करता आली असती. प्रत्येक क्रियापद छेदात घेतलं तर ‘तू’ खोटंखोटं कमी दिसतं.

आता खरी मौजेची जागा. “इथे सही करायची.” “दोन झेरॉक्स जोडायच्या.” “नाव काय?” “कुठलं गाव?” हे तू नाही, तुम्ही नाही, आणि व्याकरणाच्या अडचणीतूनही आलेलं नाही. बोलणाऱ्यानं मुद्दाम किंवा सवयीनं निवड टाळली आहे. समोर फाटक्या कपड्यातला पण वयानं मोठा माणूस असला, की वय ‘तुम्ही’ मागतं आणि हुद्दा ‘तू’कडे ओढतो. ‘-यचं’ रूप त्या कोंडीतून सुटका करून देतं. याला ‘टाळलेलं’ अशी स्वतंत्र खूण द्या. ‘अनिश्चित’ आणि ‘टाळलेलं’ एकत्र केलंत तर प्रबंधिकेतली सगळ्यात चांगली सामग्री हातची जाईल.

ब्राऊन-गिलमन घ्याच, पण त्यांचा गाभा सर्वनामाच्या संख्येत नसून परतफेडीत आहे, हे लक्षात ठेवा. दोघं एकमेकांना ‘तू’ म्हणतात तिथे जवळीक असू शकते. एक ‘तू’ म्हणतो आणि दुसऱ्याला परत ‘तू’ म्हणता येत नाही, तिथे सत्ता. म्हणून विश्लेषणाचं एकक वाक्य नको, जोडी हवी: हा कर्मचारी आणि हा अर्जदार. दर जोडीपुढे दोन रकाने, वरून खाली काय गेलं आणि खालून वर काय आलं.

खालून वर येणारं मोजताना अडचण येईल. “थांब जरा” याचं उत्तर “बरं साहेब, थांबतो” असं येतं, आणि त्यात द्वितीय पुरुषच नाही. अर्जदार आज्ञार्थ फार कमी वापरतो. तो “सही मिळेल का?” असं विचारतो, फार तर “तेवढं बघा ना” म्हणतो. तेव्हा त्याच्या बाजूनं साहेब, मॅडम, भाऊ, ताई ही हाकेची पदं आणि रे, गं, हो ही अव्ययं मोजा.

मोजमाप

प्रश्नावली आधी देऊ नका. “तुम्हाला तू म्हणतात का?” असं विचारलं की माणूस कसं असायला हवं ते सांगतो. शिवाय प्रश्नातच ‘तुम्ही’ आहे, म्हणजे उत्तराचा सूर तुम्हीच लावून दिला. मुद्रण संपल्यावर त्याच अर्जदाराला एवढंच विचारा: “आत्ता खिडकीवरून शेवटचं काय सांगितलं?” त्यानं उद्धृत केलेलं वाक्य आणि मुद्रणातलं वाक्य शेजारीशेजारी ठेवा. ऐकलेला ‘तू’ सांगताना ‘तुम्ही’ होतो का, हा स्वतंत्र निष्कर्ष ठरेल.

दहा तासांचं मुद्रण जास्त आहे. गर्दीतलं, अनेक आवाजांचं एक तासाचं मुद्रण शब्दशः उतरवायला सहा ते आठ तास सहज लागतात, म्हणजे ६० ते ८० तास नुसती लिखापढी. अडीच तास पुरेत. एका व्यवहाराला तीन-चार मिनिटं धरली तर चाळीसच्या आसपास जोड्या मिळतात. डब्ल्यूएव्ही स्वरूपात मुद्रण करा आणि एलानमध्ये (मुद्रणावर खुणा करायची संगणक प्रणाली) दर वक्त्याला वेगळी पट्टी द्या.

आणि काय-वर्ग चाचणी (आकड्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते तपासणारी) सरसकट लावू नका. सहा कर्मचाऱ्यांची चारशे वाक्यं म्हणजे चारशे स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एकच कर्मचारी सगळ्यांना ‘तू’ म्हणणारा असला तर तोच अख्खा निकाल फिरवतो. आधी कर्मचारीवार तक्ता करा. सहा माणसांवर मिश्र-परिणाम प्रारूप (माणसामाणसांतला फरक वेगळा धरणारं संख्याशास्त्रीय प्रारूप) बसवण्यापेक्षा तो तक्ता आणि चार उतारे बारकाईनं वाचणं एम.ए.च्या पातळीवर जास्त प्रामाणिक आहे.

अनुस्वार

दोघांचेही मनापासून आभार. ‘टाळलेलं’ ही खूण लावून तेच अर्ध्या तासाचं मुद्रण पुन्हा ऐकलं, चित्रच बदललं. आता दोन शंका. ‘आपण’ची खूणगाठ पटत नाहीये, आणि एका कार्यालयानं मुद्रणाला परवानगी नाकारली आहे. तिथे काय करता येईल?

धातुसाधित

‘आपण’ तीन आहेत. “आपण कधी आलात?” हा आदराचा. “आपण असं करू, उद्या या” हा दोघांना सामावणारा. “आपण नियम सांगितला की लोक चिडतात” हा कुणालाच उद्देशून नाही. अकर्मक क्रियापद असेल तर आलात/आलो पाहून सुटतं. सकर्मक भूतकाळात (“आपण अर्ज दिला”) फक्त संदर्भ उरतो. तेव्हा दुसऱ्या कुणाकडून १५-२० टक्के मजकुरावर स्वतंत्रपणे खुणा करून घ्या आणि कोहेनचा कॅपा (योगायोगाची जुळणी वजा करून उरलेली जुळणी सांगणारा आकडा) काढा. नुसती ‘९० टक्के जुळलं’ ही संख्या फसवी असते, कारण एकच खूण बहुसंख्य असेल तर योगायोगानंही तेवढं जुळतं.

सामावणाऱ्या ‘आपण’ला मात्र फेकून देऊ नका. “आपण हा रकाना मोकळा ठेवायचा बरं का” हे म्हणणारा रकाना भरत नसतो. ती आज्ञाच आहे, फक्त खांद्यावर हात ठेवून दिलेली.

चौथा मजला

परवानगी नाही तिथे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लबॉव्हची जलद, निनावी पद्धत चालते. त्यानं १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत २६४ विक्रेत्यांना अशी वस्तू विचारली जी चौथ्या मजल्यावर होती, आणि ‘फोर्थ फ्लोअर’मधला र उच्चारला जातो का ते टिपलं. महागड्या सॅक्समध्ये पूर्ण किंवा अधूनमधून र उच्चारणारे ६२ टक्के, मधल्या दर्जाच्या मेसीजमध्ये ५१, स्वस्त क्लाइनमध्ये २०.

तुमचा प्रश्न असा बांधा की उत्तरात भेद दाखवणारं क्रियापद यावं. “फॉर्म कुठे मिळेल?” विचारलंत तर “तिकडे जा” येईल आणि ते वर सांगितल्याप्रमाणे निरुपयोगी. “उत्पन्नाच्या दाखल्याला रेशनकार्डाची झेरॉक्स जोडू का?” असं विचारा. उत्तर जोड, जोडा किंवा जोडायची असं येतं. तिन्ही खुणा एका शब्दात.

विचारणारा मात्र बदलायला हवा. विशीतली जीन्समधली मुलगी, पन्नाशीतली नऊवारीतली बाई, धोतर-टोपीतले आजोबा, इस्त्रीच्या शर्टातला चाळिशीचा माणूस. चौघांचं वाक्य शब्दशः तेच, नाहीतर फरक भाषेचा की पोशाखाचा ते कळणार नाही. एका खिडकीवर एका दिवशी दोघांहून जास्त पाठवू नका, संशय येतो. वळल्यावर लगेच नोंद करा: वेळ, खिडकी, कर्मचाऱ्याचं लिंग आणि अंदाजे वयोगट, उत्तर जसंच्या तसं. नाव नाही, मुद्रण नाही. हीसुद्धा योजना विभागाच्या नैतिकता समितीपुढे ठेवूनच करा.

जिथे मुद्रण होणार आहे तिथे अर्जदार आधार क्रमांक आणि मोबाइल नंबर मोठ्यानं वाचून दाखवतात. लिखापढीआधी तेवढा आवाज पुसून टाका.

जोड-जोडा

कुणी म्हटलं नाही म्हणून: समोरासमोरच्या बोलण्याइतकंच पाठीमागचं बोलणं टिपा. तोंडावर “मॅडम, सही करा ना” आणि मॅडम गेल्यावर “मॅडम आली नव्हती काल”. ‘आल्या’चं ‘आली’ होतं तिथे लिहा. शिपायाला ‘मामा’ आणि झाडणाऱ्या बाईला ‘मावशी’ म्हटलं म्हणजे आदर झाला असं धरू नका. त्यापुढे क्रियापद काय येतं ते पाहा, “मावशी, इथलं उचल” की “उचला”.

आडनावावरून जात ठरवून तक्त्यात रकाना करू नका. ती चूकही आहे आणि अन्यायही. जातीबद्दल लिहायचंच असेल तर ज्यांनी स्वतःहून सांगितली तेवढ्यांच्या मुलाखतींवर लिहा. तिथे अभिवादनं विचारा. ‘जोहार’ खालून वर करायचा असे आणि तसाच परत येत नसे. आंबेडकरी चळवळीनं तो टाकला, आणि ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’च येतं. परतफेडीचा मुद्दा इतक्या ठसठशीतपणे क्वचितच दिसतो.

तालुका दक्षिण कोकणातला असेल तर तरुण मुलीबद्दलचं नपुंसकलिंगी ‘ता’ (म्हणजे ‘ते’) हे तुच्छतेचं समजू नका, मालवणीत ते साधं रूप आहे. डेक्कन कॉलेजच्या मराठी बोली सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर तुमच्या जिल्ह्याचे नमुने ऐकून मगच खुणा ठरवा.

मोजमाप

नकार दिलेल्या कार्यालयाचे फलक आणि छापील अर्जांचे नमुनेही पाहा. “परवानगीशिवाय आत येऊ नये” यात सांगणारा अदृश्य आहे. “मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी” यात ऐकणारा सिंहासनावर. शासन निर्णयांतली ‘-ण्यात येत आहे’ ही रूपं हवी असतील तर अँटकाँकमध्ये (मजकुरातले शब्द शोधायची आणि मोजायची संगणक प्रणाली) शब्दाच्या व्याख्येत अक्षरांबरोबर मात्रांची चिन्हं घालायला विसरू नका, नाहीतर ‘येत’ फुटून ‘य’ आणि ‘त’ होतं. जुन्या पीडीएफमधला मजकूर युनिकोडमध्ये नसेल तर तो हातानंच टंकावा लागेल. आणि ‘या’ किंवा ‘हो’ नुसते शोधू नका. दर्शक ‘या’ आणि होकारार्थी ‘हो’ यांच्या ढिगात हवं ते सापडणार नाही.