डिस्प्लेची ट्रान्समीटर चिप बदलायच्या आधी तिच्यातल्या पीएलएलचा (क्लॉक तयार करणाऱ्या भागाचा) सप्लाय बघा

डिस्प्लेकडे जाणारा क्लॉक थरथरतोय आणि त्याची ड्युटी (सिग्नल हाय असण्याचं प्रमाण) ५७ टक्के दिसतेय, म्हणजे डिस्प्लेला चित्राचा डेटा पाठवणारा ट्रान्समीटर गेला, असं म्हणतात ते पटत नाही. ७:१ एलव्हीडीएसमध्ये (डिस्प्लेची अशी जोडणी, जिच्यात क्लॉकच्या एका फेरीत तारांच्या प्रत्येक जोडीवर सात बिट जातात) क्लॉकच्या जोडीवर ११०००११ असाच पॅटर्न जातो, सातातले चार बिट हाय, म्हणजे ५७ बरोबरच आहे. क्लॉक थरथरतोय ती खरी भानगड.

आमच्याकडे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या मशीनच्या डिस्प्लेला अगदी हेच झालेलं, रिसीव्हरकडचा १०० ओहमचा रेझिस्टर ठीक, इनपुटचा पिक्सेल क्लॉक स्थिर, मग पीएलएलच्या सप्लाय पिनवर प्रोब लावला तर एसएमपीएसचा (स्विचिंग पॉवर सप्लायचा) रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली लहर, थेट तिथपर्यंत येत होता, भिंगातून बघितलं तर शेजारच्या, रिपल गाळणाऱ्या ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला केसाएवढी चीर. तो बदलला, क्लॉक जाग्यावर. मोजताना प्रोबला ग्राउंडची लांब वायर नको, छोटी स्प्रिंग लावा, नाहीतर नसलेला रिपलपण दिसतो.