एमजीबीचं मूळ इंजिन दुरुस्त करू की इसुझू टाकू?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी 1967 ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), मूळ 1798 सीसीचं इंजिन. कसारा घाट चढताना निळा धूर सोडते, तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) पार बसलंय. नाशिकच्या अंबडचे मिस्त्री म्हणतात, जुन्या कॉन्टेसा गाडीचं 1.8 लिटरचं इसुझू इंजिन टाका, पाच गिअरचा बॉक्सही सोबत येतो. मोह होतोय खरा. पण माउंटिंग (इंजिन बसवायचे आधार) आणि प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याची) लांबी कशी जमवायची? शिवाय 2021 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे इंजिनात फेरफार केला की व्हिंटेज (जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांच्या) नोंदणीवर पाणीच सोडायचं. मग मूळ ब्लॉक बोअर करून (सिलिंडर आतून किंचित रुंद कापून) ओव्हरसाइझ म्हणजे थोडे मोठे पिस्टन टाकणं बरं का? कोणी केलंय का हे काम? नाशकात भरवशाचं बोअरिंग कुठे होतं? आणि कृपया स्कॉर्पिओचं डिझेल इंजिन सुचवू नका, ती इथेच बनते हे ठाऊक आहे!