शील्डला मराठीत काय म्हणावं : ढाल, चषक की करंडक?

प्रश्न : कोलकात्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबच्या वाटचालीवर मराठीत एक लेख लिहितो आहे. १९११ सालच्या विजयापाशीच अडलो. त्या स्पर्धेला कुणी ‘आयएफए (इंडियन फुटबॉल असोसिएशन) ढाल’ म्हणतं, कुणी ‘आयएफए शील्ड’, तर कुणी सरळ ‘आयएफए चषक’. यातलं बरोबर काय? की तिन्ही चालेल?

उत्तर : ‘चषक’ अजिबात नको. बाकी दोघांबद्दल बोलू.

चषक म्हणजे मुळात पिण्याचं पात्र, पेला. ‘कप’ला तो शब्द म्हणूनच चपखल बसला. करंडक हा कुंकवाच्या करंड्याचा सख्खा भाऊ, झाकणाची डबी. ‘ट्रॉफी’साठी तो रणजी करंडकामुळे घरोघरी पोचला. आणि शील्ड म्हणजे ढालच. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीतली ‘फिरती ढाल’ आठवा : लाकडी पाट, मधे पत्र्याची मोठी ढाल, कडेने छोट्या ढाली आणि प्रत्येकीवर एकेका वर्षाच्या विजेत्याचं नाव कोरलेलं. हा शब्द आपल्याकडे आधीपासून रुळलेला आहे, नवा घडवायची गरज नाही.

१९११ च्या २९ जुलैला कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं ते या ढालीसाठी. ती जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. आधी गोऱ्यांनी गोल केला, मग कप्तान शिबदास भादुरींनी बरोबरी साधली आणि सामना संपत आला असताना अभिलाष घोष यांनी विजयी गोल मारला. अकरांपैकी दहा जण अनवाणी होते, एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायात बूट होते. बंगालीत या अकरांना ‘अमर एकादश’ म्हणतात. हा शब्द जसाच्या तसा घ्या, मराठीत त्याला कुठेही शिवण दिसत नाही. २९ जुलै हा आजही ‘मोहन बागान दिन’ म्हणून पाळतात. अशा विजयाला ‘चषक’ म्हटलं की वस्तूच बदलते, आणि मला ते खरंच खुपतं.

प्रश्न : पण वाचणाऱ्याला शेवटी ‘स्पर्धा जिंकली’ एवढंच कळायला हवं ना? ढाल असो की पेला, काय फरक पडतो?

उत्तर : १९११ पुरतं बोलायचं तर फरक फक्त नेमकेपणाचा आहे. अलीकडच्या वर्षांत मात्र अर्थाचा अनर्थ होतो.

इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेत २०१९-२० पासून दोन वेगळे मान सुरू झाले. साखळीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला शील्ड, आणि त्यानंतरच्या बाद फेरीतला अंतिम सामना जिंकणाऱ्याला चषक. आता २०२४ सालचे तीन आठवडे बघा. १५ एप्रिलला कोलकात्यात मोहन बागानने मुंबई सिटीला २-१ असं हरवून शील्ड मिळवली. ४ मे रोजी त्याच कोलकात्यात त्याच मुंबई सिटीने अंतिम सामन्यात त्यांना ३-१ असं हरवून चषक नेला. दोन्हींना ‘आयएसएल चषक’ म्हणालात, तर त्या वर्षी कोण जिंकलं हे वाचकाला सांगताच येणार नाही. त्याच्या आदल्या मोसमात नेमकं उलट झालं होतं, शील्ड मुंबईकडे आणि चषक बागानकडे.

मग आलं २०२४-२५. बागानने ५६ गुणांसह शील्ड आपल्याकडेच ठेवली. लागोपाठ दोनदा शील्ड मिळवणारा तो पहिला संघ. पुढे १२ एप्रिल २०२५ ला जादा वेळेत बेंगळुरूला २-१ असं नमवून चषकही घेतला. इथे मराठी क्रियापदं किती कामाला येतात पाहा : ‘ढाल राखली, चषक पटकावला.’ ‘राखणे’ म्हणजे आधीपासून हाती असलेलं सोडलं नाही, ‘पटकावणे’ म्हणजे दुसऱ्याच्या हातून घेतलं. चार शब्दांत अख्खा मोसम आला.

प्रश्न : पटलं. आणखी दोन बारीक शंका. ‘क्लब’ लिहू की ‘संघ’? आणि नाव ‘मोहन’ की ‘मोहुन’?

उत्तर : १५ ऑगस्ट १८८९ ला स्थापन झाली ती संस्था, म्हणून तिथे ‘क्लब’. मैदानात उतरतात ते अकरा जण म्हणजे ‘संघ’. नाव बंगालीत ‘मोहनबागान’ असं लिहितात. ‘मोहुन’ हे इंग्रजी अक्षरांवरून उचललेलं. बागान म्हणजे आपली बागच. आणि हो, २०२० ते २०२३ हा क्लब ‘एटीके मोहन बागान’ या नावाने खेळला, त्यानंतर ‘मोहन बागान सुपर जायंट’. २०२२-२३ चा चषक आधीच्या नावावर आहे, तो तसाच नोंदवा.

जुन्या यशाबद्दल लिहिताना ‘रोव्हर्स चषक’ आणि ‘ड्युरँड चषक’ बिनधास्त लिहा, ते खरेच कप. मुंबईच्या कूपरेज मैदानाने बागानचे कितीतरी रोव्हर्स विजय पाहिले. एकूण १४ वेळा त्यांनी तो जिंकला. १९७७ मध्ये तर आयएफए ढाल, ड्युरँड आणि रोव्हर्स हे तिन्ही त्यांच्याकडे होते. १९७८ ची ढाल मात्र ‘संयुक्त विजेते’ म्हणून नोंदवा, कारण आर्मेनियातल्या आरारात येरेवान संघाशी २-२ अशी बरोबरी झाली होती. चुनी गोस्वामींवर लिहाल तेव्हा करंडकही हाताशी ठेवा. बागानचा हा फुटबॉलपटू बंगालच्या क्रिकेट संघाचाही कप्तान होता आणि त्याने १९७१-७२ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध नेतृत्व केलं.

प्रश्न : शेवटचं. मी १९११ साठी ‘ढाल’ आणि आयएसएलसाठी ‘शील्ड’ असं ठेवलं तर?

उत्तर : चालेल, माझीही पसंती तीच. पहिल्या उल्लेखात ‘आयएफए शील्ड, म्हणजे ढाल’ असं एकदा लिहा आणि पुढे ढालच ठेवा. लिंगाची अडचण नाही, दोन्ही स्त्रीलिंगी : ढाल जिंकली, शील्ड जिंकली. फक्त ‘शील्डीचा’ करू नका, ‘शील्डचा’ लिहा. ‘ढालीचा’ मात्र हक्काने.