शब्बाथशाळेच्या लेकरांना सुवार्तेच्या कामात कसं घ्यावं?

शब्बाथशाळेची ताई, अंबड तालुका

सलाम सर्वांना. मी आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, शब्बाथशाळा घेते, लेकरांचा रविवारचा बायबलचा वर्ग. मंडळी लहान, बहुतेक घरं शेतमजुरीवर. लेकरं मात्र भरपूर, पहिलीपासून दहावीपर्यंतची.

यंदा कमिटीच्या बैठकीत ठरलं की नाताळाच्या आधी आजूबाजूच्या गावांत सुवार्तेला, म्हणजे येशूचा संदेश सांगायला, जायचं आणि लेकरांनाही सोबत न्यायचं. एक वडील म्हणाले, "लेकरांनी गाणी म्हटली की लोक आपोआप जमतात." माझं मन तिथंच अडलं. माणसं गोळा करायला लेकरं पुढं करायची आणि पत्रकं त्यांच्या हातून वाटायची, हे मला पटत नाही. दोन आयांनी तर मला तोंडावर सांगितलं, "ताई, दिवस कसे आहेत बघा. आमची लेकरं आम्ही पाठवणार नाही." त्यांची भीती खोटी आहे असं मी कशी म्हणू?

पण लेकरांना नुसतं बसवून ठेवणंही मला सहन होत नाही. वचन पाठ करा, नाताळात मेंढपाळ व्हा, बिस्किटाचा पुडा घ्या आणि घरी जा, एवढंच चाललंय. मागच्या रविवारी सातवीतल्या एका पोरानं विचारलं, "ताई, एवढी वचनं पाठ झाली, आता त्यांचं करायचं काय?" मला त्याला खरं काम द्यायचंय.

अजून एक. गल्लीतली हिंदू घरांतली तीन-चार लेकरंही मैत्रिणींबरोबर आमच्याकडं येतात. त्यांचं काय करावं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा.

निवृत्त मास्तर, बीड

ताई, जय ख्रिस्त. त्या पोराचा प्रश्न कमिटीच्या बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवा.

पत्रकं लेकरांच्या हातात देऊ नका, यावर माझं मत ठाम आहे. गावात कुणी उलट बोललं, हात धरला, व्हिडिओ काढला, तर त्याला तोंड देणं मोठ्यांचं काम आहे. दहा वर्षांच्या लेकराला तिथं उभं करायचं नाही.

पण म्हणून लेकरांना मिशन नाही असंही नाही. बायबलात २ राजे ५ मध्ये कोडानं आजारी असलेल्या नामान सेनापतीच्या घरातली ती पोरगी आठवा. धरून नेलेली, दासी म्हणून राबणारी. मालकाला बरं करील असा संदेष्टा आपल्या देशात आहे, एवढं एक वाक्य ती मालकिणीजवळ बोलली आणि तिथून नामान बरा होण्यापर्यंत सगळं पुढं हललं. तिला कुणी गाणं म्हणायला उभं केलं नव्हतं. मालक दुखण्यात आहे हे तिला दिसलं आणि तिला त्याची दया आली. लेकरांना आधी हे दिसायला शिकवायचं.

आमच्याकडं आम्ही मूठभर ज्वारीपासून सुरुवात केली. मिझोरामच्या मंडळ्यांमध्ये शंभरावर वर्षं ही रीत आहे. स्वयंपाकाला बसताना बाई मूठभर तांदूळ बाजूला काढते, ते चर्चमध्ये जमा होतात, विकले जातात आणि त्या पैशांवर मिशनचं मोठं काम चालतं. आपल्याकडं भाताऐवजी भाकरी, म्हणून ज्वारी. प्रत्येक घरात एक डबा, आणि मूठ टाकायची ती लेकरानं. आई दळणाला ज्वारी काढते तेव्हा लेकरू शेजारी बसतं. मूठ त्याच्याच हाताची, त्यामुळं लहान भरते, भरू द्या. आईनं त्याच्या वतीनं मोठी मूठ टाकली की ते दान आईचं झालं.

एका पोरीचं सांगतो. ती डबा आणून देण्याआधी ज्वारी सुपात घेऊन पाखडायची, खडे वेचायची, किडका दाणा दिसला की बाजूला काढायची. आम्ही कुणी तिला सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "ज्याला द्यायची त्याच्या दाताखाली खडा येईल ना." मी कितीतरी उपदेश ऐकलेत, पण अर्पणाबद्दल एवढं नेमकं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

आता ती ज्वारी जाते कुठं? आमच्या बीडमध्ये दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आई-बाप कारखान्यावर आणि काही लेकरं आजीजवळ गावातच, पार उन्हाळ्यापर्यंत. आमची मुलं त्या घरी जातात, जातपात-धर्म न विचारता. ज्वारी आजीच्या हवाली करतात, त्या लेकरासोबत अभ्यासाला बसतात, क्रिकेट खेळतात. सोबत मंडळीची दोन मोठी माणसं, त्यात एक बाई, आणि दिवेलागणीच्या आत सगळे घरी. आजीनं विचारलं, "तुम्ही हे का करता?" तर पोरं आपल्या शब्दांत सांगतात, येशूचं नाव घेऊन. विचारलं नाही तर काही बोलत नाहीत. ज्वारीच्या बदल्यात कुणी चर्चला यावं अशी अपेक्षा ठेवायची नाही. हे मोठ्यांच्याच जास्त कानावर घालावं लागतं.

परिचारिका, जालना

मास्तरांशी सहमत. फक्त सेवा म्हणजे दवाखान्यात फळं वाटणं असं कुणी सुचवलं तर लेकरांना वॉर्डात आणू नका. संसर्गाची भीती दोन्ही बाजूंनी असते, आणि आजाऱ्याच्या उशाशी उभं राहून फोटो काढून घेणारं लेकरू बघितलं की मला वाईट वाटतं. पेशंटची लाजही आपणच राखायची असते. फोटो व्हॉट्सॲपला नकोच.

त्यापेक्षा तुमच्याच मंडळीत बघा. मोतीबिंदूनं वाचता न येणारी आजी असेलच. आठवीतल्या मुलीनं आठवड्यातून एकदा जाऊन तिला एक अध्याय वाचून दाखवावा. एकच लेकरू, एकच घर, वर्षभर. आजीला वाचन मिळतं, मुलीचं बायबल वाचून होतं, आणि मधेमधे आजी तिच्या तरुणपणीच्या मंडळीच्या गोष्टी सांगते, त्या आपल्याकडं कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत. मुलगी आजीच्या घरी जाते आहे हे तिच्या आईला माहीत हवं आणि दार उघडं असावं.

छावणीतला वाचक, संभाजीनगर

मी कॅथलिक आहे, चालत असेल तर आमच्याकडची माहिती देतो. फ्रान्समधले नान्सीचे बिशप फोर्बिन-जान्सन यांनी १८४३ साली लेकरांसाठीच एक मिशन संस्था काढली. नियम साधा होता: रोज एक छोटी प्रार्थना आणि महिन्याला एक लहानसं नाणं, दूरदेशीच्या लेकरांसाठी. आजही जगभर ती चालते. पुढच्याच वर्षी लंडन मिशनरी सोसायटीनं मिशनच्या कामासाठी 'जॉन विल्यम्स' नावाचं जहाज घेतलं, तेही संडे स्कूलच्या लेकरांनी जमवलेल्या पैशांवर. म्हणजे लेकरं फक्त गाण्यापुरती आहेत असं म्हणणाऱ्या वडिलांना हे सांगता येईल.

हिंदू लेकरांबद्दल मात्र मला त्याच १८४३ सालची दुसरी गोष्ट सांगायची आहे. तुमच्या जालन्याजवळ ज्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली त्या नारायण शेषाद्रींनी त्या वर्षी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा लहान होता, तोही मिशनऱ्यांकडं राहायला गेला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टानं मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं. पुढं त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावरून मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूनं उभे राहिले. ओढाताण मोठ्यांची चालली होती आणि मधे एक लहान मुलगा होता. हे वाचल्यापासून मी एकच नियम धरला आहे: दुसऱ्या घरचं लेकरू आपल्या दारात आलं तर त्याच संध्याकाळी त्याच्या आई-वडिलांना जाऊन भेटायचं. इथं काय शिकवतो, काय गातो, ते सांगायचं. त्यांनी हो म्हटलं तर आनंद. नाही म्हटलं तर लेकराला प्रेमानं घरी पाठवायचं, आणि रस्त्यात भेटलं की पहिल्यासारखंच बोलायचं.

शब्बाथशाळेची ताई, अंबड तालुका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पास्टरसाहेबांकडं जाऊन बोलले. गावोगाव जायचं ते मोठ्यांनीच, लेकरांनी त्या दिवशी चर्चमध्ये बसून त्या गावांची नावं घेऊन प्रार्थना करायची, असं त्यांनी मान्य केलं. कॅरल फक्त ओळखीच्या घरी. ज्यांनी ठाम नकार दिला होता त्यातल्या एका आईनं स्वतःहून ज्वारीच्या डब्याचं विचारलं. गल्लीतल्या चारही घरी जाऊन आले. तीन घरांनी हो म्हटलं, एका घरानं नाही.

मास्तर, एक विचारायचं राहिलं. आमच्यातल्या काही घरांत स्वतःलाच ज्वारी पुरत नाही, रेशनच्या गव्हावर भागतं. त्यांच्या लेकरांना डबा द्यावा का? अवघडल्यासारखं नको व्हायला.

निवृत्त मास्तर, बीड

द्या, ताई. डबा सगळ्यांना एकसारखा द्या आणि झाकणाचा द्या. कुणाच्या डब्यात किती आहे ते बघायचं नाही, मोजायचं नाही, सगळे एकाच पोत्यात रिकामे करायचे. गहू टाकला तरी चालतो. योहान ६ मध्ये येशूनं ज्याच्या भाकरींवर पाच हजारांना जेवू घातलं, त्या पोराजवळ जवाच्याच भाकरी होत्या, गरिबाचं धान्य. आणि ज्या घरात खरंच अडचण आहे तिथं पोत्यातलं धान्य रात्री मंडळीतली बाई पोचवील. लेकरांना ते कळायची गरज नाही.